तीन उभे, एक तिरका

मावशी आमच्या घरून निघाली की दारात थांबून पिशवी उघडायची. चष्मा सापडत नाही म्हणायची. मग एकेक वस्तू काढून टेबलावर मांडायची. गोळ्यांची पट्टी, कंगवा, अर्धवट विणलेला मोजा, खोलीची किल्ली. शेवटी पिशवी उलटी करून झटकायची. चष्मा बहुतेक वेळा तिच्या गळ्यातच लोंबत असायचा. लहानपणी मला वाटायचं, मावशी विसरभोळी आहे. मोठी झाल्यावर कळलं की ती झडती देत होती, कुणी मागायच्या आत.

माझी आई, तिची सख्खी थोरली बहीण, तिथेच उभी राहून बघायची. "असू दे गं, असू दे," म्हणायची, पण नजर पिशवीवरून हलायची नाही. मावशी राहायला आली की आईची पर्स खांद्यावर चढायची, ती मावशी जाईपर्यंत उतरायची नाही. स्वयंपाकघरात पर्स, गच्चीत पर्स. एकदा मी विचारलं, "आई, अंघोळीला पर्स कशाला?" तर म्हणाली, "पडून राहिली तर उगाच कुणाच्या मनात काही यायला नको." हे 'कुणाच्या' म्हणजे कुणाच्या, हे आमच्याकडे कुणी विचारत नसे.

सगळं सुरू झालं होतं उशीच्या एका अभ्र्यावरून.

शहराच्या मधोमध राजवाड्यासमोरचा मोठा चौक आहे. दगडी फरशी, घोड्यावर बसलेला राजा, त्याच्यासमोर राजवाड्याचा लांबलचक सज्जा. राजाराणी मोठ्या दिवशी त्या सज्जात येऊन हात हलवायचे आणि चौकातली माणसं टाळ्या वाजवायची. मावशी सोळाव्या वर्षी राजवाड्याच्या धुलाईघरात इस्त्रीला लागली. धुलाईघर तळघरात होतं. खिडक्या छताला टेकलेल्या, चौकाच्या फरशीच्या पातळीवर. त्यातून बाहेरच्या माणसांचे फक्त पाय दिसायचे. मावशी म्हणायची, "मी राजाला सहा वर्षांत एकदाही पाहिलं नाही. पण त्याचा उजवा बूट बाहेरून झिजायचा, एवढं सांगते."

आणि एक सांगायची. सज्जावर टाकायच्या लांब मखमलीला सुरकुती राहिली का, हे बघायला ती एकदा सुट्टीच्या दिवशी चौकात गर्दीत जाऊन उभी राहिली होती. लोक राजाकडे बघत होते, ही कापडाकडे. "डावीकडे एक चुणी राहिली होती," असं ती साठीनंतरही चुटपुटत सांगायची.

धुलाईघरात प्रत्येक इस्त्रीवालीची एक खूण असायची. कापड हातात घेतलं की त्याच्या शिवणीच्या आत लाल दोऱ्याने ती घालायची. डाग पडला, कापड जळलं, तर कुणी जाळलं ते कळावं, एवढ्यासाठी. मावशीची खूण होती तीन उभे टाके आणि त्यांना छेदून जाणारा एक तिरका. मावशी डावखुरी. बाकीच्यांचा तिरका टाका डावीकडून वर चढायचा, हिचा उजवीकडून. त्यावरून मुकादमीण तिला रोज बोलायची. गाठही मारायची नाही ही. शेपूट टाक्यांखालून ओवून टाकायची, म्हणजे इस्त्रीला टोचत नाही.

एका सकाळी घाईत तिने राणीच्या लग्नातल्या जाळीदार अभ्र्यांच्या जोडीपैकी एकावर खूण बाहेरच्या बाजूने घातली. आत घालायची ती बाहेर. मुकादमिणीने सगळ्यांसमोर तिला फैलावर घेतलं, "आत्ता उसव," म्हणाली. पण वरून कुणीतरी गठ्ठा न्यायला आलं आणि अभ्रा तसाच वर गेला. संध्याकाळी जोडीतला एकच खाली आला. दुसरा कधीच आला नाही.

आईचे आई-वडील आधीच वारले होते. मावशी आमच्याकडे, म्हणजे आईच्या सासरी राहायची. दुसऱ्या दिवशी मुकादमीण दोन शिपाई घेऊन घरी आली. मावशीची पेटी उपडी केली, गादी फाडली. काही मिळालं नाही. मग मुकादमिणीने आईला विचारलं, "हिने घरात काही आणलेलं तुम्ही पाहिलंत का?"

मी सहा वर्षांची होते. मला शिपायांचे बूट आठवतात आणि आईच्या मागे दारात उभी असलेली माझी आजी, आईची सासू.

आई म्हणाली, "मला काही ठाऊक नाही. तिच्या पेटीत काय असतं ते मी बघत नाही."

बस, एवढंच. नाही म्हणाली असती तर कदाचित काहीच फरक पडला नसता. पण ती नाही म्हणाली नाही. मावशीचं काम गेलं. ज्या रंगाऱ्याशी तिचं ठरलं होतं त्याची आई येऊन मावशीने इस्त्री केलेले दोन रुमाल परत देऊन गेली, घडीसकट. मावशी आमचं घर सोडून टायरच्या दुकानावरच्या एका खोलीत राहायला गेली. पुढे एका हॉटेलच्या धुलाईघरात चौतीस वर्षं तिने चादरी आणि टेबलक्लॉथ कडक केले. तिथे रोज सुटताना फाटकावर पिशवी तपासायचे, सगळ्यांचीच. ती तेवढी रांगेत आधीच पिशवी उघडून उभी राहायची.

चौकात मात्र ती एकेचाळीस वर्षं फिरकली नाही. बाजारात जायचं तरी वळसा घालून.

आई सत्तरीची झाली तेव्हा तिने हट्ट धरला, की राजवाडा आता सगळ्यांना बघायला खुला झालाय, मला बघायचाय. आणि धाकटीलाही न्यायचं. मी म्हटलं, "आई, तिला कशाला त्या जखमेपाशी नेतेस?" तर म्हणाली, "जखम कसली? किती वर्षं तेच धरून बसायचं माणसाने?" ज्याने पाय तुडवलेला असतो त्याला नेहमीच वाटतं, की आता दुखायचं थांबलं असेल.

मावशी लगेच 'हो' म्हणाली. "मला ती तळघराची खिडकी बाहेरून बघायचीय," म्हणाली. "माझे पाय त्यातून कसे दिसले असते ते."

चौकात शिरलो आणि ती थबकली.

राजवाड्याच्या दर्शनी भिंतीवर तीन मजले उंच पांढरं कापड सोडलं होतं. त्यावर लाल रंगात तीन उभ्या रेघा आणि त्यांना छेदणारी एक तिरकी. खाली लिहिलं होतं, 'राणीची खूण. नवे दालन.'

"ते काय आहे गं?" मावशीने मला विचारलं. आवाज अगदी साधा.

"नवीन काहीतरी उघडलंय. राणीची खूण म्हणे."

"कुणाची?"

आई म्हणाली, "काहीतरी चिन्ह असेल. अगं, तीन रेघा आणि एक, कैदीसुद्धा भिंतीवर तशाच काढतात."

"कैदी डावखुरा असेल तर," मावशी म्हणाली आणि चालायला लागली. तळघराच्या खिडकीकडे तिने पाहिलंही नाही.

दाराशीच दुकान होतं. मगांवर ती खूण, छत्र्यांवर खूण, चपलांवर, किल्ल्यांच्या साखळ्यांवर. मावशीने एक छत्री उघडली. तिच्या डोक्यावर तिच्याच टाक्यांच्या आठ लाल खुणा फिरल्या. "बघ ताई," ती म्हणाली, "माझ्या चोरीच्या छत्र्या निघाल्या."

"हळू बोल," आई म्हणाली.

नवं दालन म्हणजे एकच अंधारी खोली. मध्ये काचेची पेटी, वरून दिवा सोडलेला. आत तो अभ्रा. जाळी पिवळी पडली होती आणि कोपऱ्यात, बाहेरच्या बाजूने, लाल खूण. बाजूला एक बोटभर लांब बाह्यांचं अंगडं. शेजारी गाईड मुलगी उभी होती. तिला राणीच्या दासीसारखा पोशाख घातला होता. मावशीचं पहिलं लक्ष तिच्या बाहीकडे गेलं. इस्त्रीची दुहेरी घडी पडली होती.

मुलगी पाठ केलेल्या आवाजात सांगत होती. राणीसाहेबांच्या खासगी दालनातली बंद पेटी दोन वर्षांपूर्वी उघडली. त्यात जन्मतःच गेलेल्या बाळाचं अंगडं या अभ्र्यात गुंडाळलेलं सापडलं. अभ्र्यावर राणीसाहेबांनी स्वतःच्या हाताने ही खूण भरली होती. तीन उभे टाके म्हणजे जगलेली तीन मुलं. आणि हा तिरका टाका म्हणजे ते चौथं. घोळक्यातल्या एका बाईने डोळे टिपले.

"खोटं आहे," मावशी म्हणाली.

मुलीने हसून विचारलं, "काय म्हणालात आजी?"

"बाळाचं वाईट झालं. त्याबद्दल मी काही म्हणत नाही. पण तो तिरका टाका म्हणजे बाळ नाही. ती मी घातलेली खूण आहे. कापड जळलं तर कुणाला बोलायचं, ते कळायला घातलेली. आतून घालायची, चुकून बाहेरून घातली. अभ्रा उलटा करून बघा, गाठ नसणार. मी गाठ मारत नाही."

घोळका मागे सरकला, कुणी वेडंवाकडं बोलायला लागलं की सरकतो तसा. डोळे टिपणाऱ्या बाईने तर चक्क रागाने पाहिलं. तिचं रडणं वाया गेलं होतं. मुलगी धावत जाऊन दालनाच्या साहेबांना घेऊन आली. साहेब पन्नाशीचे, छातीवर बिल्ला, आणि म्हाताऱ्या माणसांशी बोलायचा तो एक खास आवाज असतो ना, मऊ आणि मोठा, तो आवाज.

"आजी, तुमच्या भावना मी समजू शकतो."

"भावना नका समजू. टाका समजून घ्या."

"तुमच्याकडे काही कागद? राजवाड्यात काम केल्याचं पत्र वगैरे?"

"हाकलून देताना पत्र देत नाहीत. सुई द्या मला."

सुई दुकानातच होती. 'राणीचा टाका' अशा नावाची पेटी विकायला ठेवली होती. सुई, लाल दोरा, पांढरं कापड, लहान मुलांसाठी. मावशीने ती फोडली. काउंटरवर कापड धरलं, सुई डाव्या हातात घेतली आणि अर्ध्या मिनिटात तीन उभे, उजवीकडून चढणारा एक तिरका, शेपूट खालून ओवून, दोरा दातांनी तोडून कापड साहेबांच्या पुढ्यात टाकलं.

साहेबांनी कापड उजेडात धरून पाहिलं. "वा!" ते म्हणाले. "फारच छान. ही पेटी घेणाऱ्या सगळ्यांना पहिल्या दिवशी इतकं सुबक नाही जमत."

मी आयुष्यात पुष्कळ संतापले आहे. नवऱ्यावर, मुलांवर, पाणी सोडायला विसरणाऱ्या माणसावर. पण असा संताप मला ठाऊक नव्हता. आधी तिची खूण घेतली, मग ती चार माणसांना शिकवली आणि आता तिलाच शाबासकी देत होते, नक्कल चांगली जमली म्हणून.

मावशी आईकडे वळली. "ताई, तू सांग."

दुकानातले सगळे आईकडे बघायला लागले. आईने पर्सचा पट्टा दोन्ही हातांनी धरला. मला एकदम ते दार आठवलं, ते बूट आठवले. आता ही म्हणणार, मला काही ठाऊक नाही.

"ती डावखुरी आहे," आई म्हणाली. थांबली. "लहानपणापासून. आणि... टाका तसाच घालते ती. तिचाच आहे तो."

"तुम्ही यांच्या कोण?"

"बहीण. सख्खी."

साहेबांनी समजूतदारपणे मान हलवली. "मग तुम्ही यांच्याच बाजूने बोलणार ना."

मावशी हसली. इतक्या जोरात, की काउंटरवरची मुलगी दचकली. "ही?" ती म्हणाली. "ही माझ्या बाजूने? ऐकलंस ताई? एकेचाळीस वर्षांत पहिल्यांदा बोललीस, तर म्हणे बाजूची आहे म्हणून चालत नाही!"

साहेबांनी अभिप्रायाची वही पुढे केली. मावशीने ती बाजूला सारली. मी फोडलेल्या पेटीचे पैसे दिले, कारण ते न देता बाहेर पडायची कल्पना आम्हा तिघींनाही सोसली नसती. कापड मावशीने स्वतःच्या पिशवीत टाकलं आणि चेन लावली.

बाहेर पडायच्या दारावर पहारेकरी होता. बिचारा सगळ्यांनाच म्हणत होता ते मावशीलाही म्हणाला, "पिशवी दाखवा, आजी."

मावशी थांबली. मी वाट बघत होते, की आता चष्मा सापडत नाही म्हणेल.

"नाही दाखवणार," ती म्हणाली.

"नियम आहे, आजी. सगळ्यांचीच बघतो."

"सगळ्यांची बघ. माझी बघून झालीय."

मागे रांग तुंबली. कुणीतरी म्हणालं, दाखवून टाका ना, एवढं काय आहे. पहारेकऱ्याने हात पुढे केला आणि मावशीने पिशवी छातीशी धरली. तिचा चेहरा असा झाला होता, की मला वाटलं, आता ही त्याला चावेल.

तेवढ्यात आई मध्ये शिरली. सत्तर वर्षांची बाई, गुडघे दुखतात म्हणून जिना न चढणारी. तिने पहारेकऱ्याचा हात खाली केला.

"तिची पिशवी उघडायची नाही," आई म्हणाली. "ती काही नेत नाही. तिने कधी काही नेलं नाही. आमच्या घरातही काही आणलं नाही. मी सांगते."

पहारेकऱ्याला काय कळलं असेल! त्याने वैतागून आम्हाला जा म्हणून खूण केली.

चौकात घोड्याच्या पुतळ्याखाली बाक होता, तिथे दोघी बसल्या. मी उभी राहिले. ऊन होतं. पोरं कबुतरांमागे धावत होती आणि एक बाई नवऱ्याचा फोटो काढत होती, मागे ते लाल खुणेचं कापड येईल असा.

आईने खांद्यावरची पर्स काढली आणि बाकावर दोघींच्या मध्ये ठेवली. माझ्या आठवणीत पहिल्यांदा.

"ती उचल," मावशी म्हणाली.

"असू दे गं."

"उचल म्हणते ना. आज ठेवतेस? काचेत बघितल्यावर? राजवाड्याने छापून भिंतीवर टांगल्यावर तुझा माझ्यावर विश्वास बसला होय?"

"तसं नाही."

"मग कसं? सांग ना कसं."

आईने पर्सचा पट्टा सोडवून सरळ केला. मग म्हणाली, "मला तेव्हाही माहीत होतं."

"काय?"

"तू नेला नाहीस ते."

मी आईकडे बघत राहिले. एवढी वर्षं मी धरून चालले होते, की आईचा गैरसमज आहे. गैरसमज असणारं माणूस परवडतं.

"सासूबाई मागे उभ्या होत्या," आई म्हणाली. "दोनच दिवस आधी म्हणाल्या होत्या, बहिणीला किती दिवस पोसायचं. मी तुझी बाजू घेतली असती तर मलाही बाहेर काढलं असतं. हिला घेऊन कुठे गेले असते मी?" तिने हनुवटीने माझ्याकडे दाखवलं, जणू सहा वर्षांची मी अजून तिथे उभी होते.

"ते मला तेव्हाच कळलं होतं," मावशी म्हणाली. "मी काय मूर्ख आहे? ते मी तुला केव्हाच सोडून दिलंय. पण तुझी सासू मरून वीस वर्षं झाली, ताई. तुला माहीत होतं, तर ही पर्स कशाला? अंघोळीला पर्स कशाला नेत होतीस?"

आई उत्तर देईल असं मला वाटलं नव्हतं. पण तिने दिलं.

"एकदा तसं म्हटल्यावर तसंच वागावं लागतं," ती म्हणाली. "नाहीतर खोटं बोलले असं झालं असतं ना. सगळ्यांना कळलं असतं."

मावशी उठली. आम्हाला वाटलं, ओरडेल. तिने फक्त फरशीवरून चालत जाऊन तळघराची एक खिडकी शोधली, तिच्यासमोर उभी राहिली आणि खाली स्वतःच्या पायांकडे बघितलं. मग परत आली. डोळे कोरडे होते आणि गाल लालबुंद.

"राणीने अभ्रा घेतला तेव्हा तिला माझं नावही माहीत नव्हतं," ती म्हणाली. "खाली कुणाचं काम गेलं, हे तिच्या कानावरही गेलं नसेल. तिच्यावर किती चिडायचं? पण तू तर मला वाढवलं होतंस."

आई म्हणाली, "घरी चल. चहा घेऊ, मग बोलू."

"मी इथूनच जाते. माझी बस समोरूनच सुटते."

आम्ही तिला थांब्यापर्यंत सोडायला गेलो. आई तिच्या एक पाऊल मागे चालत होती. बस आली. मावशी पायरीशी थांबली, वळली, आणि सवयीने तिचा हात पिशवीच्या चेनकडे गेला. आईही सवयीने थांबून बघायला लागली.

मावशीने हात काढून घेतला.

"चष्मा घेतलास ना?" आईने विचारलं. आवाज अगदी बारीक झाला होता.

"गळ्यात आहे," मावशी म्हणाली. "नेहमी गळ्यातच होता. दिसत नव्हता का तुला?"

आणि बंद पिशवी काखेत मारून ती बसमध्ये चढली.